पलीकडच्या माळावरचा नर

भिवा, सौदा अर्धा टाकून उठून जाणारा माणूस मला कधीच आवडला नाही. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणावं, चार शिव्या द्याव्यात, पण समोर बसलेलं माणूस उत्तर न देता उठलं की माझं डोकं फिरतं. तू नेमकं तेच केलंस. दीड वर्ष माझ्याशी अबोला धरलास आणि निकाल लागायच्या आधी निघून गेलास. आता मी भांडू कोणाशी?

तू गेल्याचं मला बाजारात कळलं. रुमालाखाली माझी बोटं गिऱ्हाइकाच्या मुठीत होती, भाव चालला होता, आणि तुमच्या भावकीतला एक मेंढका येऊन म्हणाला, भिवादा सकाळी गेला. मी हात काढला नाही. सौदा पुरा केला. बाजारात त्यावर बरंच बोलणं झालं म्हणे, की गणपतशेठच्या छातीत धोंडा आहे. असेल. खरं एवढंच की तो हात त्या वेळी बाहेर काढला असता तर ठेवायचा कुठं हे मला सुचलं नसतं. नंतर ट्रकमध्ये जाऊन बसलो. ड्रायव्हरनं विचारलं, कुठं घ्यायचा? मी त्याच्यावरच ओरडलो.

आपली ओळखही भांडणातूनच झाली होती. मी तेव्हा दुसऱ्यांची मेंढरं पायी हाकत बाजाराला नेणं सोडून नुकताच स्वतःच्या हिमतीवर व्यापार करू लागलो होतो. तुझ्या कळपातला तो काळा, रुंद छातीचा मेंढा पाहिला आणि माझी नजर हलेना. मागशील तो भाव देतो म्हणालो. तू घोंगडी झटकलीस आणि हसलास.

"मेंढा इकत न्हाईत, गणप्या. बदलत्यात."

पहिल्याच भेटीत गणप्या म्हणालास. त्याचाही मला राग आला होता. मग तू समजावून सांगितलंस, की आपल्याच कळपात जन्मलेला नर आपल्या कळपाला ठेवायचा नाही. दर दोन-तीन वर्षांनी मेंढा घेऊन जामखेडच्या अंगाला जायचं, तिकडच्या मेंढक्याच्या वाड्यावर उतरायचं. दोन्ही मेंढ्यांच्या कपाळाला हळद-कुंकू लावायचं, एका ताटात जेवायचं, आणि त्याचा मेंढा आपण, आपला त्यानं घेऊन घरी यायचं. भाव काढायचा नाही. कोणाचा मेंढा उजवा हे बोलायचंही नाही. मला ते पटेना. ज्याला भाव नाही अशी वस्तू मी तोवर पाहिली नव्हती.

तू मला शेजारच्या वस्तीवर घेऊन गेलास. त्या माणसानं जामखेडची खेप वाचवायला तीन पिढ्या घरचाच मेंढा चालवला होता. तू त्याचं एक कोकरू उचललंस आणि माझ्या हाताचा अंगठा धरून त्याच्या ओठात घातलास. खालचा जबडा वरच्यापेक्षा बोटभर आखूड. पोपटासारखं तोंड. आईच्या दुधावर असतं तोवर काही कळत नाही, गवत तोडायची वेळ आली की उपाशी मरतं, असं तू म्हणालास. त्या दिवसापासून आजपर्यंत मी ओठ उचलल्याशिवाय एक जनावर घेतलेलं नाही. दात बघून वय सगळेच ओळखतात. जबडा बघायचं मला तू शिकवलंस. लोक म्हणतात गणपतशेठला कोणी फसवू शकत नाही. ते कोणाच्या जिवावर, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही.

मग कालवा आला. माळावर ऊस उभा राहील असं आपल्या बापांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेडा समजून देवाला न्यायला सांगितलं असतं. मी मात्र सगळ्यांच्या आधी पाण्याचा वास ओळखला. कालव्याच्या कडेची, ओढ्याच्या अंगाची पट्टी मी घेतली तेव्हा तिथं कुसळाशिवाय काही नव्हतं. लोक हसले होते. तू हसला नाहीस. तू विचारलंस, "आन हरनं?"

मी म्हणालो, हरणांनी काय सातबारा दाखवलाय का?

ह्या वादात मी आजही मागे हटणार नाही, भिवा. पाणी पाहिजे. माझी आई कोसभरावरून हंडा आणायची आणि तिच्या डोक्यावरचा तेवढा भाग मरेपर्यंत टकलाच राहिला. माळ तसाच ठेवा, गवत वाऱ्यावर डोलू द्या, हे ज्यांच्या घरात नळ आहे त्यांनी म्हणावं. पण तू तसं कधी म्हणालाच नाहीस, ही माझी अडचण. तू म्हणायचास, कालव्याला मी कुठं नको म्हनतो? माझी बी मेंढरं पानी पित्यातच की. तुझं म्हणणं वेगळंच होतं, आणि ते कळायला मला फार दिवस लागले.

आपल्या लहानपणी आपल्या माळावरून निघालेलं हरीण बालाघाटाच्या पायथ्यापर्यंत गवतातून जाऊ शकत होतं. मध्ये कोणी अडवायला नव्हतं. कालवा झाला, ऊस झाला, विहिरी झाल्या, बाभळीच्या काट्यांची कुंपणं झाली, वस्त्यांवर कुत्री आली. एका माळाची पाच-सहा ठिगळं झाली. मी म्हणालो, मग काय झालं, हरणं आहेतच की सगळ्या ठिगळांत, मोजून बघ. तू काठीनं मातीत रेघा ओढल्यास.

"शंभर मेंढरं धा भावांत वाटली तर मेंढरं शंभरच राहत्यात, गणप्या. पन मेंढा? त्यो एकाच्याच वाट्याला जातो. बाकीच्यांनी काय करायचं?"

हरणांच्या कळपाचा काळा धनी तरुण नरांना हुसकून लावतो, हे मला माहीत होतं. ते कुठं जातात हे मी कधी विचारलं नव्हतं. पूर्वी ते दूर चालत जायचे, दुसऱ्या कळपाच्या कडेकडेनं राहायचे, एक दिवस तिथल्या धन्याशी झुंजायचे. आता ते निघतात आणि कालव्याच्या भरावाशी येतात. काठानं चालत राहतात. कोणी उसात शिरून कुत्र्यांच्या तोंडी जातो, कोणी परत फिरतो. आपल्याच आईबहिणींत परत. तू म्हणायचास, ज्या कामाला आपन जामखेडला चालत जातो, ते त्यांची पोरं आपली आपन करीत हुती. ती वाट आपन बुजवली.

मला ते गोष्टीसारखं वाटलं. दुष्काळाचा उन्हाळा येईपर्यंत.

त्या उन्हाळ्याचं मी लिहीत नाही. अर्धा जिल्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होता आणि मी पडत्या भावानं घेतलेल्या मेंढरांचे ट्रक भरत होतो. त्याबद्दल माझ्या तोंडावर बोललेला तू एकटाच. पण एक सकाळ लिहितो. तू मला माळावर बोलावलंस, बाभळीखाली एक मेलेलं पाडस पडलं होतं. मी म्हणालो, दुष्काळात माणसं मरायला टेकलीत, पाडसाचं काय घेऊन बसलास. म्हणता म्हणता मी खाली बसलो आणि सवयीनं त्याचा ओठ वर केला. खालचा जबडा बोटभर आत.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन पाडसं सापडली, त्यांतल्या एकाचं तोंड तसंच. गवत थोडं होतं, पण आयांना पुरत होतं. पाडसांना ते तोडता येत नव्हतं.

आता ज्यावरून आपलं फाटलं ते. पलीकडचा नर आणायची कल्पना कोणाची, यावर तू काही बोलला नाहीस म्हणून मीही कधी बोललो नाही. आज लिहितो, माझी होती. मी म्हणालो, त्यात एवढं काय, जामखेडच्या बाजूच्या माळावरून नर उचलू, माझा ट्रक आहे. जसा मेंढा आणतोस तसा. तू तीन दिवस माझ्याकडं फिरकला नाहीस. चौथ्या दिवशी मेंढरं कोंडायची जाळीची वाघर खांद्यावर टाकून माझ्या दारात उभा राहिलास. तुझ्या कमरेला पुडी होती. घरून ठकूवहिनींनी हळद-कुंकू बांधून दिलं होतं.

रानखात्याला कळलं असतं तर दोघंही आत गेलो असतो. पण त्या वेळी आपल्याला आपण फार शहाणे वाटत होतो. तिकडच्या तळ्यात गुडघाभर चिखल आणि चार घमेली पाणी राहिलं होतं. पहाटे हरणं तिथं येत. तुझ्या तिकडच्या मेंढक्या सोयऱ्यानं दाखवलेल्या वाटेवर आपण वाघर लावली आणि दिवस उगवता उगवता एक तरुण नर तिच्यात आला. अंगावर अजून काळेपणा चढला नव्हता, शिंगांना नुकते पीळ पडत होते. काय देखणं जनावर होतं ते! मी आयुष्यात हजारो जनावरं हाताखालून घातलीत, त्याच्यासारखं अंग पाहिलं नाही.

आणि आपण काय केलं, भिवा? त्याचे पाय बांधले, तुझी घोंगडी टाकली, आणि मेंढ्यासारखं त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. तू लावलंस, मी वर दोन अक्षता टाकल्या. तो तुझ्या हाताखाली तारेसारखा थरथरत होता. मेंढा माणसाच्या हातात जन्मतो. ह्याला माणसाचा हात म्हणजे मरण, एवढी साधी गोष्ट आपल्या दोघांच्या मिळून शंभर वर्षांच्या अनुभवात कुठंच नव्हती. त्याची भीती आपल्याला नवं दावं लागल्याची वाटली.

वाटेत बाजार लागला. तू म्हणालास, थांबू नको. मी म्हणालो, पाच मिनिटं. एका व्यापाऱ्यानं लांबून हात केला होता, आणि मला कोणी हात केला की पुढं जाता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी उतरलो. ट्रकभोवती माणसं जमली. कोणी फळ्यांवर थापा मारून आत काय आहे विचारत होतं, कुत्री भुंकत होती, ऊन चढत होतं. तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन, वर धोतराचा सोगा धरून आत बसला होतास. मी परत आलो आणि ट्रक निघाला. कालव्याचा पूल यायच्या आधी त्यानं मान टाकली. अंगावर ओरखडा नव्हता. हात लावला तर भट्टीसारखं तापलं होतं. कपाळावरचं कुंकू तेवढं तसंच.

आपण त्याला माळावर पुरलं. खड्डा मी खणला, तू दगड रचलेस. वाटलं होतं आता तू बोलशील, शिव्या देशील, मीही देईन, आणि संध्याकाळपर्यंत चहा पिऊ. तू हात झटकलेस आणि म्हणालास, "शेठ, तुमी जावा आता."

शेठ. तुमी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर तू गावात कोणाजवळ अवाक्षर काढलं नाहीस. काढलं असतंस तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. पण पावसाळा सरता सरता तू मेंढरं खतासाठी शेतात बसवायला आणलीस, वरच्या वस्तीवर बसवलीस, खालच्या वस्तीवर बसवलीस, आणि माझ्या बांधावरून कळप तसाच पुढं नेलास. दरसाल पहिले तीन दिवस माझ्या रानात बसायची मेंढरं. शेतकऱ्याला ह्याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. चुलत्यानं मला भर पारावर विचारलं, "का रं गनपत, भिवाचं खत तुला चालंना का तुझं रान भिवाला?" लोक हसले. मी त्याच आठवड्यात ओढ्याकाठच्या पट्टीला काटेरी तार ओढून घेतली. तुझी मेंढरं तिथून जायला नकोत म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

यंदा पोळ्याच्या आसपास तू तारेपाशी येऊन उभा राहिलास. वर्ष उलटून गेलं होतं. तू खूप वाळला होतास. मी बघितलं, पण विचारलं नाही. तू सरळ बोलायला सुरुवात केलीस, मध्ये काही घडलंच नाही असं. म्हणालास, कालव्याखालून ओढा जातो त्या मोरीची कमान बैलगाडी जाईल एवढी उंच आहे. गेल्या सालच्या पावसाळ्यात, तार नव्हती तेव्हा, दोनदा हरणाचे ठसे मोरीखालून अलीकडं आलेले तू पाहिलेस. अख्ख्या कालव्यात तेवढी एक जागा. आणि अलीकडं आलं की माझी पट्टी, माझी तार.

"तार काढ, गणप्या. आपन उचलून आनायची गरजच नव्हती. त्यो आपल्या पायानं येतो. वाट तेवढी सोड."

तू पुन्हा गणप्या म्हणालास. पण मी व्यापारी. समोरच्याला गरज आहे हे दिसलं की माझी जीभ आपोआप चालते. मी म्हणालो, काढतो. आधी चार माणसांत सांग की ते जनावर माझ्यामुळं मेलं नाही.

तू तारेवरचा हात काढून घेतलास. मग काठी उचलून गेलास. मागून मी हाक मारली नाही. मला वाटलं, परत येईल. दुसऱ्या फेरीला माणूस नरमतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. दिवाळी झाली तरी यंदा तू दरसालसारखा मेंढरं घेऊन खाली भीमेकडं उतरला नाहीस. तेव्हाही मी म्हणत होतो, येईल.

दहाव्याला मी आलो नाही. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी, माणसं पांगल्यावर आलो. ठकूवहिनी मेंढरांच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मुलगा साखर कारखान्यात लागलाय, त्याला मेंढरं नकोत, उन्हाळ्यापर्यंत कळप विकायचाय, असं म्हणाल्या. मी घेतो म्हणालो नाही. माझ्या तोंडून त्या क्षणी भाव निघाला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं. मग मी विचारलं, भिवा माझ्याबद्दल काय म्हणायचा?

वहिनींनी जवळ आलेलं कोकरू बाजूला सारलं. "दर आठ दिसानं जायाचे तुमच्या तारंपस्तोर. बघून यायाचे. मी म्हनायचे, कशाला जाता त्या तापट मानसाच्या दारात? तर म्हनायचे, तापट हाय, पन त्याला कळतंय. पाडसाचा ओठ त्यानं उचलला हुता, मी न्हाई."

मी तिथून उठलो, भिवा. वहिनींसमोर बसवेना.

आता ते राहिलेलं. बाजारात थांबलो ती पाच मिनिटं नव्हती. तासाच्या वर होती. व्यापाऱ्याशी बोलणं लगेच संपलं होतं, पण दुसरा भेटला, मग तिसरा. तुला ट्रकमध्ये बसून ते कळत होतं, आणि तू ते कधी बोलला नाहीस. कदाचित ते जनावर वाघरीत आलं तेव्हाच भीतीनं आतून मेलं होतं, पुढचं फक्त उशिरा झालं. असं शहरातल्या एका गुरांच्या डॉक्टरानं मला नंतर सांगितलं. मी ते तुला सांगायला धावत यायला हवं होतं. आलो नाही, कारण त्यानं माझा तास काही कमी होत नव्हता. चार माणसांत सांगायला तुला लावत होतो, ते मीच सांगायचं होतं. ते आज इथं सांगितलं. हे छापायला देतोय, चारांपेक्षा जास्त माणसं वाचतील.

तार मी काढली. गड्यांना लावलं नाही, पक्कड घेऊन स्वतः गेलो. खांब उपटले. ओढ्यापासून माळापर्यंतची अख्खी पट्टी तशीच सोडली आहे. माझा मुलगा म्हणाला, आबा, तिथं उसाचं बेणं लावायचं ठरलं होतं. मी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी त्याच्या ताटात मीच भाकरी वाढली, दुसरं काय करणार. शेजारी विचारतात, गणपतशेठ, पट्टी कोणाला दिली?

सकाळी उठून मोरीखाली जातो. तिथली वाळू ओली असते. पहिले आठ-दहा दिवस कुत्री, एक मुंगूस, कोणाच्या तरी शेळ्या. मी पाठ फिरवून घरी यायचो आणि दिवसभर माणसांवर खेकसायचो.

काल सकाळी ठसे होते. पलीकडून आलेले, टोकदार, दोन पाकळ्यांचे. एकाच जनावराचे. कमानीखालून अलीकडं येऊन ते वाळूवर थोडा वेळ उभं राहिलेलं दिसतं, तिथं खूर खोल गेलेत. मग पट्टीच्या बाजूला काही पावलं, आणि पुढं मुरूम लागतो. मुरमावर काही उमटत नाही. गेलं पुढं, की कडेनं परत फिरलं, कळत नाही. वाकलो, गुडघ्यावर बसलो, बोट लावून पाहिलं. ओठ उचलून मी तुला कोणत्याही जनावराची पिढी सांगेन, पण जमिनीवरचं मला वाचता येत नाही. ते तूच वाचायचास, मी तुझ्या मागं उभा राहून घाई करायचो.

वारा सुटला होता. मी घरी येऊन घमेलं नेलं आणि त्यातल्या चांगल्या ठशावर पालथं घातलं, वर दगड ठेवला. पुसायला नको, दाखवायला लागेल म्हणून. परत फिरून निम्म्या वाटेत आलो तेव्हा लक्षात आलं, दाखवायचा कोणाला.

घमेलं अजून तिथंच आहे. नर होता का, भिवा?